भाऊचा अमेरिकेतला रविवार

आमच्या घरात रविवार असा काही वार नव्हता. जनावरांना सुट्टी नसते, म्हणून माणसांनाही नसे. माझ्या शाळेला सुट्टी असायची खरी, पण ती सुट्टी म्हणजे शेंगा फोडायला, तूर पाखडायला एक जास्तीचा हात, एवढंच. माकणी गावात आमचं शेतीचं खातं मोठं होतं. काळी जमीन, सहा बैल, तीन म्हशी, आणि उजाडल्यापासून कुणाची ना कुणाची हाक. त्या हाकांपैकी निम्म्याहून अधिक हाका वहिनीच्या नावाच्या असत. ‘कौसल्या, पाणी.’ ‘कौसल्या, वैरण टाकली का?’ ‘कौसल्या, पाव्हणे आल्यात, च्या ठीव.’ वहिनी भूमकडची. तिकडं पाण्याची टंचाई, त्यामुळं आमच्याकडं हापशावर हंडा भरताना सुरुवातीला ती हसायची. एवढं पाणी, म्हणायची, दांडा मारला की येतंय.

भाऊ म्हणजे माझा मोठा भाऊ दिगंबर. तो इंजिनिअर झाला तेव्हा आमच्या गावात त्या शब्दाचा नीट उच्चारही कुणाला येत नव्हता. शेवटच्या वर्षाला असतानाच अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, भूमच्या पाहुण्यांना शब्द देऊन टाकला आणि लग्न लावलं. लग्नानंतर सहा-सात महिन्यांत कंपनीनं भाऊला अमेरिकेला पाठवलं. वहिनी तेव्हा एकोणीस वर्षांची असेल. मी बारा. जाताना तो वहिनीला काय बोलला ते मला माहीत नाही. आम्हा सगळ्यांसमोर एवढंच म्हणाला, कागदपत्रं झाली की हिला बोलावतो.

आणि मग तो रेडिओवरचा कार्यक्रम सुरू झाला. दर रविवारी सकाळी साडेनवाला, अर्ध्या तासाचा. अमेरिकेत राहणारी मराठी माणसं आपला शनिवार-रविवार कसा जातो ते कॅसेटवर बोलून पाठवायची, आणि एक गोड गळ्याची निवेदिका ते ऐकवायची. मोठं काही नसायचं त्यात. नागपूरकडची एक बाई सांगायची, की शनिवारी आठवड्याचे कपडे घेऊन ती एका दुकानात जाते, तिथं भिंतीला ओळीनं यंत्रं लावलेली असतात, कपडे आत टाकायचे आणि बाकावर बसून पुस्तक वाचायचं. कुणी सांगायचं, रविवारी घरातलं जुनं सामान अंगणात मांडून ठेवतो, शेजारचे येऊन घेऊन जातात. साताऱ्याचा एक डॉक्टर सांगत होता, की घरापुढचं गवत तो दर शनिवारी स्वतः कापतो. ते ऐकून अण्णा बाजेवर उठून बसले. त्यांनी विचारलं, कापून काय करतो म्हणे? डॉक्टरनं पुढं सांगितलं, की पिशव्यांत भरून रस्त्यावर ठेवतो, नगरपालिकेची गाडी येऊन नेते. अण्णांना तो आठवडाभर अन्न गोड लागलं नाही. हिरवंगार गवत कापून फेकून देत्यात, हे ते शेताच्या बांधावर भेटेल त्याला सांगत होते.

रेडिओ ऐकायला शेजारचे लतीफचाचा यायचे. ते शिंपी. भाऊचे शाळेचे कपडे पहिलीपासून त्यांनीच शिवलेले. ते उंबऱ्याजवळ भिंतीला टेकून बसायचे आणि गवताच्या गोष्टीवर म्हणाले होते, ‘जनावरां नै ना अण्णा उनके पास. जनावरां रहते तो आदमी बराबर रहता.’ वहिनी चुलीपुढं असायची. एरवी तिची भाकरी थापायचा आवाज रस्त्यावर जायचा, इतका दणदणीत. पण साडेनऊ वाजले की ती हात हलका करायची. पीठ परातीत नुसतं सरकवल्यासारखं थापायची, म्हणजे रेडिओतला शब्द चुकायला नको. कार्यक्रम संपला की मला एकेक विचारायची. तिथं भाकरी कशावर भाजत असतील? दुकानातल्या त्या यंत्रात लुगडं बसतं का? बाई एकटी बाजाराला गेली तर लोक काही म्हणत नाहीत? त्या नागपूरच्या बाईचं ऐकल्यापासून ती आमच्या घरातले सगळे मोठे कपडे शनिवारीच धुवायला लागली. आई वैतागायची. वहिनी म्हणायची, सवय झालेली बरी.

भाऊची पत्रं महिन्या-दीड महिन्यानं यायची, निळ्या कागदाची. अण्णा सातवी शिकलेले, ते आधी मनात वाचायचे. मग संध्याकाळी येसरची आमटी चुलीवर रटरटत असताना माझ्याकडं द्यायचे, कारण मला वाचताना अडखळायला होत नसे. आईला अक्षर येत नव्हतं. वहिनीला छापील थोडं लागायचं, हाताचं मुळीच नाही. भाऊ लिहायचा थोडंच. प्रकृती, हवा, अण्णांचा गुडघा. वहिनीबद्दल एक ओळ असायची, कौसल्या बरी असेल. त्या एका ओळीसाठी ती पदराला हात पुसून माझ्यासमोर येऊन बसायची.

वर्षभरानं एक पत्र आलं, ते अण्णांनी संध्याकाळी दिलं नाही. दुपारी मला गोठ्यात बोलावून घेतलं आणि तिथं उभं राहून वाचायला लावलं. त्यात भाऊनं लिहिलं होतं, की त्यानं तिकडच्याच एका मराठी मुलीशी लग्न केलं आहे, शर्मिला तिचं नाव. चूक माझी आहे, कौसल्येचा काही दोष नाही, तिला तिच्या माहेरी पोचतं करावं आणि तिचं आयुष्य अडवून धरू नये. हे शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं होतं. आजही त्यातलं अक्षर न् अक्षर दिसतं मला. म्हणजे भाऊ भित्रा होता, खोटा होता, पण तिला सोडा असं सांगणारा घरात तो एकटाच होता.

अण्णांनी पत्र माझ्या हातातून घेतलं. म्हणाले, भूमचे पाव्हणे दारात येऊन बोंब मारतील, चार गावांत तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आणि पोराचं डोकं आज फिरलंय, उद्या ठिकाणावर येईल. मग म्हणाले, ‘सांच्याला वाचताना हे गाळ. तिच्यासाठी तुझ्या मनानं चार वळी घाल.’

मी घातल्या. सुरुवातीला चाचरत, की कागदपत्रांचं काम चालू आहे, कौसल्येनं काळजी करू नये. वहिनीनं त्या ओळी मला पुन्हा वाचायला लावल्या आणि मी हातातल्या पत्राच्या कोऱ्या जागेकडं बघत पुन्हा तशाच म्हणून दाखवल्या. मला वाटलं होतं, पुन्हा हे जमणार नाही. तसं काही झालं नाही. उलट पुढच्या पत्राची मी वाट बघायला लागले. रेडिओवर ऐकलेलं सगळं माझ्या कामाला यायचं. ओळीतली यंत्रं, अंगणातला बाजार, दुकानात ढकलत न्यायची गाडी. भाऊ शनिवारी एकटाच बाजाराला जातो आणि दोन माणसांचं सामान घेऊन येतो, असं मी एकदा वाचलं, तेव्हा वहिनी उठून गोठ्याकडं गेली आणि बऱ्याच वेळानं डोळे धुऊन आली. शाळेत माझ्या निबंधांना बाई पहिला नंबर द्यायच्या. तो नंबर कशावर घासून आला होता ते त्यांना कसं माहीत असणार.

असं दीड-दोन वर्षं चाललं. मग तो रविवार आला. शेंगा काढायचे दिवस होते, अंगणात ढीग पडलेला. वहिनी हापशावर गेली होती. निवेदिकेनं सांगितलं, आज आपण उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरचा रविवार ऐकणार आहोत, दिगंबररावांचा. आमचा जिल्हा तेव्हा उस्मानाबादच होता. अण्णांचा हात शेंगेवरच थांबला. रेडिओत कुणीतरी घसा खाकरला आणि ‘म्हणजे बघा’ असं म्हणून बोलायला सुरुवात केली. बोलण्याआधी घसा खाकरायची भाऊला लहानपणापासून खोड. लतीफचाचा आनंदानं म्हणाले, ‘अण्णा, दिगूच है ये. अपना दिगू.’ अण्णांनी आईकडं बघितलं. आईनं रेडिओ बंद करायला हात पुढं केला, आणि तेवढ्यात वहिनी डोक्यावर हंडा, काखेत घागर अशी दारात आली. आईचा हात तसाच मागं गेला. त्या वेळी बंद केला असता तर सगळंच उघडं पडलं असतं.

भाऊ सांगत होता, की शनिवारी आम्ही दोघं बाजार करतो. मुलाला त्या ढकलगाडीत बसवतो, तो डबे ओढून खाली पाडतो. रविवार मात्र माझा. रविवारी स्वयंपाक मी करतो. शर्मिला आठवडाभर नोकरी करून दमलेली असते, तिला मी उशिरापर्यंत झोपू देतो, आवाज होऊ नये म्हणून मुलाला घेऊन खाली येतो. हे माझ्या आईनं बघितलं तर तिला चक्कर येईल, असं म्हणून तो हसला. कॅसेट संपल्यावर निवेदिकाही हसली. वहिनी पहाटे चारला उठायची. ती दारात उभी होती, हंडा डोक्यावर, आणि हंड्यातलं पाणी हिंदकळून तिच्या कानावरून गळ्यात उतरत होतं. तो सगळा वेळ ती तशीच उभी राहिली. आम्ही चौघं माणसं तिथं होतो. कुणीही उठून तिच्या डोक्यावरचा हंडा उतरवून घेतला नाही.

गाणं लागलं तेव्हा तिनं हंडा-घागर खाली ठेवली. सासऱ्याला सरळ विचारायची रीत नव्हती, म्हणून आईला विचारलं, ‘आत्या, ह्यो आवाज कुणाचा?’

आई शेंगा फोडत राहिली. ‘मला काय ठावं. दिगंबर नावाची का कमी हायत जिल्ह्यात? भाकरी घाल, टाईम झाला.’

वहिनीनं लतीफचाचांकडं बघितलं. ते खाली मान घालून उठले, बशीतला चहा तसाच ठेवून चपला घालून गेले. इतक्या वर्षांचा शेजार, पण त्यानंतर ते आमच्याकडं रेडिओ ऐकायला कधी आले नाहीत. आणि बोललेही कुणापाशी काही नाहीत. अण्णांनी उसनी दिलेली जागा होती त्यांच्या दुकानाला.

वहिनी चुलीपुढं गेल्यावर आईनं मला मागच्या दाराला नेलं. माझा दंड तिनं इतका घट्ट धरला होता, की चार बोटं उठली. म्हणाली, ‘ती तुला इच्यारणार. नीट ध्यान दे. ती गेली तर चूल कुणाच्या गळ्यात पडंल? माझ्याच्यानं होत न्हाय आता. शाळा बंद करून तुलाच बसाया लागंल.’ ती धमकी नव्हती. साधा हिशेब सांगावा तशी ती बोलली, आणि ते खरंच होतं. मी तेव्हा नववीत होते. मला मास्तरीण व्हायचं होतं.

वहिनीनं विचारलं ते संध्याकाळी, मी दिव्याची काच पुसत होते तेव्हा. माझ्यासमोर उकिडवी बसली आणि हळू आवाजात म्हणाली, ‘विमल, तू शिकलेली हायस. खरं सांग. ते तुझे भाऊ व्हते का न्हवते?’

तिच्या भुवईवर पीठ लागलेलं होतं. मी म्हणाले, ‘नव्हते वैनी. भाऊचा आवाज जाड आहे.’

ती माझ्याकडं बघत राहिली, मग मान हलवली आणि उठली. इथवर जे झालं ते मी घाबरून केलं असं म्हणता येईल. मी स्वतःला तसं पुष्कळ वर्षं म्हणत आले. पण पुढचं मला कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या पत्राच्या वेळी भाऊनं प्रकृती आणि हवा एवढंच लिहिलेलं असताना मी माझ्या मनानं वाचलं, की इकडं माझ्याच नावाचा आपल्या जिल्ह्यातला एक माणूस आहे, लोकांची फार गफलत होते, रेडिओवर तो बोलला तर कौसल्येला वाटायचं मीच. वाचताना मध्ये थांबून मी हसलेसुद्धा. अण्णांनी चमकून माझ्याकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पहिल्यांदाच मला कौतुक दिसलं. वहिनीचा चेहरा असा सैल झाला, जसा बाळंतिणीचा होतो. त्या आठवड्यात तिनं पुन्हा शनिवारी सगळे कपडे धुतले.

मी दहावी झाले, बारावी झाले, लातूरला राहून डी.एड. केलं. सुट्टीत आले की वहिनी माझ्यासाठी धपाटे करून ठेवायची, डोक्याला तेल लावायची, माझ्या लग्नात रात्रंदिवस राबली. पत्रं वाचायला मी नसायचे, म्हणून ती साठवून ठेवायची आणि मी आले की सगळी एकदम वाचून घ्यायची. एका बैठकीत मी चार-चार पत्रांची चार-चार वेगळे शेवट करायचे. कागदपत्रं कधी सरकारात अडकायची, कधी कंपनीत. तिचे केस कानापाशी पांढरे झाले. भूमहून तिचा भाऊ एकदा न्यायला आला होता, तिनंच त्याला परत पाठवलं. म्हणाली, आता बोलावणं यायचंय, आणि मी इथं नसले तर कसं व्हायचं.

त्यानंतर कधीतरी भाऊ आला. आधी कळवलं होतं, पण बायको-मुलाला घेऊन येतोय ते अण्णांनी फक्त आम्हाला सांगितलं. मी माझ्या मुलीला घेऊन माहेरी आले होते. वहिनीनं दोन दिवस घर सारवलं, दारात रांगोळी काढली, आणि ठेवणीतलं लुगडं नेसून उभी राहिली. गाडीतून आधी भाऊ उतरला, मग शर्मिला, मग दहा-बारा वर्षांचा मुलगा. अण्णांनी त्यांना सरळ आत नेलं. जेवणं मांडली. वहिनी वाढत होती. भाऊनं एकदाच वर बघितलं आणि अण्णांना हळूच म्हणाला, ही अजून इथंच? अण्णांनी ताटातली भाकरी मोडली. शर्मिला चांगली बाई होती, तिला काहीच माहीत नव्हतं. आमटी छान झाली म्हणाली, आणि कोण या, म्हणून विचारलं.

आई म्हणाली, ‘सैपाकाला असत्यात.’

वहिनीच्या हातात पळी होती. तिनं शर्मिलाच्या वाटीत आमटी वाढली, मग मुलाच्या, मग भाऊच्या. माझ्या वाटीशी येऊन थांबली आणि माझ्याकडं बघितलं. मी मुलीला घास भरवत होते, भरवत राहिले. तिनं माझ्याही वाटीत वाढलं. सगळ्यांची जेवणं झाली, तिनं भांडी घासली, चूल पोतारली. सकाळी उठलो तेव्हा ती नव्हती. पहिल्या एस.टी.नं गेली असं कुणीतरी सांगितलं. बरोबर काही नेलं नव्हतं. आईला त्या दिवशी दुपारपर्यंत चहा मिळाला नाही, त्याचाच तिला जास्त राग आला.

ते घर पुढं भूकंपात गेलं, माणसं वाचली. आता अण्णा नाहीत, आई नाही. भाऊ म्हातारा झालाय, रविवारी मला व्हिडिओ कॉल करतो, मागं त्याचं ते हिरवं गवत दिसतं. आम्ही गुडघ्यांबद्दल बोलतो. कौसल्येचं नाव दोघांनीही कधी काढलेलं नाही. मी छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, पोरांना खरं बोलायला शिकवलं. निवृत्त झाल्यावर माणसाला आपलं मन हलकं करायची घाई होते. मला झाली, आणि दोन वर्षांपूर्वी मी भूमला गेले.

बाजाराचा दिवस होता. विचारत विचारत गेले. तिच्या भाच्यानं तिला पिठाची गिरणी घालून दिली होती, रस्त्याकडच्या खोलीत. बाहेर ज्वारीचे डबे रांगेत लागलेले. तिनं मला ओळखलं, गिरणी बंद केली, आणि बायकांना म्हणाली जरा दम धरा, माझी नणंद आलीया. मला पोत्यावर बसवलं. चहा मागवला. माझी मुलगी कुठं असते, नातवंडं किती, सगळं विचारलं. मी रडायला लागले तर माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाली, रेडिओवर बोलले ते तेच होते, हे नंतर कळलंच की मला. पण तू काय करणार, लेकरू होतीस, आईबापाच्या धाकात होतीस. तिला माझा राग नव्हता, एवढंच ऐकून मी उठायला हवं होतं.

मग ती म्हणाली, ‘तुझा भाऊबी समदा वाईट न्हवता बग. पुढं बदलला. पण सुरवातीची काही वर्सं माझं लई व्हतं त्याच्या मनात. एका पत्रात लिवलं व्हतं, रविवारी दोन कप च्या करतो आन् एक तसाच गार होऊ देतो. रोज गिरणी लावताना याद येती. येवढं कुणी लिवतं का बाईमाणसाला? तेवढ्यावर आयुष्य निघालं माझं.’

मला वाटलं, आता खरं सांगितलं नाही तर मी कशाला आले. मी सांगितलं. सगळं सांगितलं. गोठ्यातलं पत्र, अण्णांचा शब्द, गाळलेलं आणि घातलेलं. तिनं मध्ये अडवलं नाही. शेवटी विचारलं, ‘च्याचं?’

‘तेही मीच,’ मी म्हणाले.

‘येक तरी त्येंचं व्हतं का?’

मी आठवून बघितलं. खोटं बोलायचं तर तिथं बोलायचं होतं, आणि तिथंच मला ते सुचलं नाही. मी म्हणाले, ‘कौसल्या बरी असेल, एवढं.’

तिनं हातातला कप खाली ठेवला. पदरानं कपाळावरचं पीठ पुसलं, उठली, आणि रांगेतला पहिला डबा उचलून गिरणीच्या तोंडाशी नेला. माझ्याकडं न बघता म्हणाली, ‘बाई, तुम्ही आता निघा. बाजाराचा दिवस हाय. लोक खोळंबल्यात.’

तिनं मला कधी ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं. मी वैनी म्हणून हाक मारली, पण तिनं बटण दाबलं होतं, आणि त्या आवाजात मला माझंच ऐकू आलं नाही.